टर्बोच्या तापाला पट्टी!

ताप चढला की आई कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते आणि ताप उतरतो. टर्बो गाडीच्या सायलेन्सर पाइपला गुंडाळतात ती पट्टी मात्र बरोबर उलटं काम करते. ती ताप आतच कोंडून ठेवते! हा फंडा मला मास कॉमच्या वर्गात नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापुरात, एका गॅरेजच्या पायरीवर बसून कळला.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, मलकापूरला राहतो. त्याची सेकंडहँड टर्बो डिझेल गाडी शौकाची नाही, पोटापाण्याची आहे. कधी कोल्हापूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचे, कधी आंबा घाट उतरून रत्नागिरीला पाहुणे सोडायचे. बँकेचे हप्ते अजून दोन वर्षं बाकी. परतताना साखरप्याहून घाट चढायचा म्हणजे टर्बोला दम लागतो. घरी येऊन बॉनेट उघडलं की तोंडावर भट्टीसारखी झळ! टर्बोजवळच्या एका वायरचं कव्हर कडक होऊन तडकलं, तेव्हा दादाने दोन-चार व्हिडिओ बघून ठरवलं, सगळंच गुंडाळून टाकायचं. पट्टीचा रोल पुण्याहून आणायची ड्यूटी अर्थातच माझी.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, थोडंच आहे! स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली ज्याचं पेटंट घेतलं, त्या टर्बोचं चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. पूर्ण लोडवर हा वायू डिझेल गाडीत ७०० अंशांच्या आसपास जातो, पेट्रोलमध्ये ९०० च्याही पुढे. त्याची उष्णता वाटेतच हरवली नाही, तर टर्बोला जास्त ताकद मिळते. शिवाय बॉनेटखालच्या वायर्स आणि प्लॅस्टिकला कमी चटका बसतो. म्हणून रेसिंगवाले पट्टी गुंडाळतात.

आमच्या रोलवर लिहिलं होतं, लाव्हा रॉक फायबर. म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून बनलेला आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, तोच प्रकार! हा दगड साधारण १४०० ते १५०० अंशांवर वितळवून त्याचे धागे ओढतात. मी तर एकदम इम्प्रेस.

मिस्त्री मात्र इम्प्रेस झाले नाहीत.

“उष्णता कुठं जाती गं पोरी? एक दार लावलंस, की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसणार.”

मग त्यांनी एकेक खोली दाखवली. मॅनिफोल्ड गुंडाळला, की बिडाचं ते धूड आणखी तापणार आणि एखाद दिवशी तडकणार. टर्बोच्या मधल्या भागात बेअरिंग आणि ऑइल. तो झाकला, तर ऑइल जळून कोळसा होणार. मलकापूरचा पाऊस पट्टीत मुरला, तर पाइप आतल्या आत गंजणार. आणि गळकं ऑइल किंवा डिझेल पट्टीने शोषलं, तर आगच! दादाचा चेहरा पडला. मॅनिफोल्ड गेला तर गाडी उभी राहते. हप्ता थोडाच उभा राहतो?

शेवटी ठरलं ते असं. आधीच्या मालकाने काढून टाकलेलं हीट शील्ड कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं नवीन बनवून घ्यायचं. ती वायर बदलायची. मॅनिफोल्ड आणि टर्बोला हात लावायचा नाही. गुंडाळायचा फक्त टर्बोच्या पुढचा डाउनपाइप, तोही सेन्सर उघडा ठेवून. त्याने टर्बोची ताकद वाढणार नव्हती, पण दादाला ताकद हवी होतीच कुठे? त्याला वायर्स वाचवायच्या होत्या.

फुल बाह्या, हातमोजे आणि मास्क लावून आम्ही कामाला लागलो, कारण ते धागे सॉलिड खाजतात. पट्टी ओली करून, घट्ट ओढून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत गेलो. टोकांना स्टीलच्या क्लिपा. पहिल्यांदा गाडी तापली तेव्हा एवढा धूर निघाला, की मामी पाण्याची बादली घेऊनच धावत आली! थोड्या वेळाने तो आपोआप थांबला.

आता घाट चढून आल्यावर बॉनेट उघडलं की झळ येते, पण मान मागे घ्यावी लागत नाही. मिस्त्रींच्या सांगण्यावरून दादा पोचल्या पोचल्या इंजिन बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. दिवाळीत त्याने दोन वेढे सोडून बघितले. खालच्या वळणावर, पाणी साचतं तिथे, तांबूस गंजाची पूड होती. त्याने पाइप घासला आणि तेवढाच तुकडा नवा लावला. उरलेला रोल मामीच्या कपाटावर ठेवलाय, पुढच्या दिवाळीसाठी.

तुम्हीही टर्बोवाले असाल, तर रोल ऑर्डर करण्याआधी बॉनेट उघडून कंपनीचं शील्ड जागेवर आहे का, तेवढं बघा. ते नसेल, तर पहिला खर्च त्याचा.