बाटलीला एक चमचा

घरी केलेल्या बिअरला फेस आणायचा तर बाटलीत चमचाभर साखर टाका आणि झाकण ठोका, हा सल्ला लोक ज्या बेफिकिरीनं देतात ती मला अजूनही खुपते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. नांदेड-लातूरच्या माणसाला हा छंद उजळ माथ्यानं करायचा तर परदेशच गाठायला हवा. अमेरिकेनं 1978 मध्येच त्याला मोकळीक दिली. पण चमच्याचा सल्ला तिथं थांबत नाही. यीस्ट घालून केलेल्या आल्याच्या पेयाला, चहा आंबवून केलेल्या कोंबुचालाही तो जसाच्या तसा चिकटतो, आणि मग मराठवाड्याच्या उन्हाशी त्याची गाठ पडते.

हिशोब मांडून बघा. चमच्यात पाचेक ग्रॅम साखर मावते. लिटरमागे साधारण 4 ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली की पेयाच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याआधी, तिशीच्या तापमानात आंबलेल्या पेयात अर्ध्या पटीहून थोडा जास्त वायू मुरलेला असतोच. 650 मिलीच्या बाटलीत एक चमचा घातला तर बेरीज अडीच पटीवर जाते, म्हणजे दुकानातल्या बिअरइतकी. तेव्हा चमचा मुळात खोटा नाही, हे मान्य करायलाच हवं. पण तोच चमचा 330 मिलीच्या पाइंटमध्ये गेला की आकडा साडेचारच्या घरात पोचतो. शॅम्पेनमध्ये याहूनही जास्त वायू असतो, पण तिची बाटली हातात घेतली की काच किती जाड आहे ते कळतं. त्यात तापमान: अडीच पट वायूचा 20 अंशांना जो दाब असतो, तो 40 अंशांना जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 40 म्हणजे काहीच नाही.

यावर गोटी सोड्याचा दाखला हमखास येतो. हिरम कॉडनं 1872 साली पेटंट घेतलेली ती बाटली इतका गॅस सोसते, मग आपलीच का फुटेल? कारण सोडावाला सिलिंडरचा गॅस मोजून भरतो आणि कॉक बंद करतो. झाकणाआड बसलेल्या यीस्टला कॉक नसतो. साखर संपेपर्यंत ते थांबत नाही. आंबवण अर्धवट असताना भरलेल्या बाटलीत चमचा न घालताही स्फोटाचा माल असतो, म्हणून पेयाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हललेला नाही हे बघूनच भरायचं. स्फोटाची दुसरी वाट पाण्याची. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बाटल्या उरकून धुतल्या जाणं समजण्यासारखं आहे. पण तळाशी राहिलेल्या चिकट कड्यात रानटी यीस्ट असू शकतं, आणि नेहमीचं यीस्ट सोडून देतं त्या साखरेवरही त्यातलं काही तुटून पडतं. धुण्यात वाचवलेलं पाणी असं महागात पडतं.

फ्रिज आहे की, असंही म्हणतात. थंडीत यीस्ट निजतं, मरत नाही. वीज तासन् तास गेली की पुन्हा कामाला लागतं. साखर काट्यावर तोला, एक बाटली प्लास्टिकची भरा आणि ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या थंड करा, हे सांगणं सोपं आहे. तरी इतका हिशोब मांडूनही मे महिन्यात लातुरात काचेत काही भरूच नका, असंच मी म्हणेन. डिसेंबर-जानेवारीत भरा, आणि तेव्हाही पाइंट नको.