कर्लीच्या मुखाशी अडलेली होडी

मालवणला गेलं की पहिला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याचाच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला जलदुर्ग पाहिला नाही, तर मालवणला जाऊन केलं काय? पण दुसऱ्या दिवशी मात्र दक्षिणेकडे वळा. तारकर्लीवरून थेट देवबागला. वाटेत उजव्या हाताला समुद्राची गाज आणि डाव्या हाताला माडांच्या आड गुपचूप वाहणारी कर्ली नदी. मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. ही पट्टी संपते तिथंच नदी समुद्राला मिळते.

तो संगम बघायला मी, माझा भाचा आणि भाची होडीतून निघालो. होडीवाले काका तिथलेच. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय त्यांनी होडीत पाऊल ठेवू दिलं नाही. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन होतं. पेट्रोलची टाकी मात्र आत, पायांपाशी. दोघांना जोडणारी रबरी नळी आणि नळीच्या मधोमध एक रबरी फुगा. काकांनी फुगा दाबदाबून कडक केला, दोरी ओढली आणि भुर्रर्र!

दहा-बारा मिनिटं झकास गेली. पलीकडची भोगव्याची पुळण दिसू लागली आणि इंजिन अडखळलं. फट्, फट्, फट्... बंद! ओहोटी लागली होती. होडी आपोआप समुद्राकडे सरकायला लागली. समोर मुखाशी लाटा फुटत होत्या. भाचीनं माझा हात घट्ट धरला.

काकांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी नांगर टाकला.

"आधी होडी थांबवची, मगे इंजिन बघूचा. घाबरा नको."

मग टाकी हलवून बघितली. पेट्रोल भरपूर. नळी कुठं दबलेली नव्हती, जोडण्याही घट्ट होत्या. फुगा मात्र चपटा झाला होता, जणू कुणी आतून चोखून घेतलाय.

हा फुगा म्हणजे इंजिनाची नाडीच बरं का! कितीही दाबून तो मऊच राहिला, तर टाकी रिकामी असेल, नाहीतर नळीत हवा शिरत असेल. कडक होऊनही इंजिन चालत नसेल, तर दोष पुढं शोधायचा. गाळणी, कार्बुरेटर किंवा स्पार्क प्लग. आणि चपटा झाला, तर पेट्रोल टाकीच्या बाजूलाच अडलंय.

"टाकीक कोणी हात लावल्यान?" काकांनी विचारलं.

भाचा खाली बघत होता. क्षणभरानं म्हणाला, "मी. झाकणावरचा तो छोटा स्क्रू सैल होता. पेट्रोल सांडेल म्हणून मी घट्ट केला."

काकांनी स्क्रू फिरवला. फुस्स! बाहेरची हवा आत गेली आणि फुगा पुन्हा गोल झाला.

गोडेतेलाच्या डब्याला आई दोन भोकं पाडते ना, एक तेलाला आणि एक हवेला? तसंच हे. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. वाट बंद झाली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढं सरकत नाही. घरी करून बघा. पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ घाला, बाटलीचं तोंड कणकेनं गच्च बंद करा आणि ओढा. दोन घोटांत पाणी अडतं की नाही? (पेट्रोलवर मात्र कसलेही प्रयोग नकोत!)

फुगा दाबून कडक केला, दोनदा दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. मगच नांगर वर आला.

काका भाच्याला रागावले नाहीत. "सांगलंस ता बरा केलंस," एवढंच म्हणाले.

संगम आम्ही जरा लांबूनच पाहिला. एका बाजूला नदीचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला फेसाळ लाटा. देवबागच्या किनाऱ्याला लागल्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि भाच्याला हाक मारली.

"ये रे. आता कर तो स्क्रू घट्ट."