औषध नाही हो, काढा!

गेले दोन-तीन शनिवार रिलीज चालू होतं, त्यामुळे इकडे फिरकलोच नाही. आज मोकळा आहे, तर बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून टाकतो. विषय आहे गुळवेल. हो, तीच. कोविडच्या काळात घरोघरी उकळत होती ती.

आमचं गाव औंध. पुण्यातलं नव्हे, साताऱ्याचं! खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. पुण्यात नोकरी करताना हा खुलासा इतक्यांदा करावा लागतो की आता पाठ झालाय. संस्थान होतं तेव्हा राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' नावाचं त्यांचं इंग्रजी पुस्तकसुद्धा निघालं. आमच्या आजोबांची पिढी त्या शिस्तीत वाढली. तब्येत आपली आपण राखायची, ऊठसूट डॉक्टरकडे पळायचं नाही, हा बाणा आमच्या घरात तिथूनच आला असावा. आई तर त्यात एकदम कडक.

२०२० मध्ये सगळं बंद झालं आणि व्हॉट्सअॅपवर काढ्यांचा पूर आला. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, असं सगळेच सांगायचे. गावात ती सहज मिळते. पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कोविडसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही गुळवेलीची घनवटी होती. म्हणजे आई काही वेडेपणा करत नव्हती. रोज सकाळी उपाशीपोटी वाटीभर काढा, असं सुमारे तीन महिने चाललं.

मग भूक गेली. जिना चढताना दम लागायला लागला. लघवी गडद व्हायला लागली आणि एक दिवस डोळे पिवळे दिसले. साताऱ्यात एका डॉक्टरांकडे नेलं. तिथला संवाद मला शब्दशः आठवतो.

"काकू, औषधं कुठली चालू आहेत?"

"थायरॉइडची गोळी. बास."

"आयुर्वेदिक, होमिओपॅथी वगैरे?"

"नाही हो."

"काढा बिढा?"

"तो घेते की रोज. पण ते औषध नाही हो, काढा आहे!"

एसजीपीटी नऊशेच्या वर होतं. एरवी ते चाळिसाच्या आसपास असायला हवं. काविळीच्या सगळ्या व्हायरसच्या टेस्ट निगेटिव्ह, सोनोग्राफी ठीक. डॉक्टरांनी दुसरं काही न करता आधी काढा बंद केला आणि दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं. आकडा आधी हळू आणि मग भराभर उतरला. दहा आठवड्यांत नॉर्मल.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर हा रोलबॅक. शेवटचा बदल काढला, सिस्टीम पूर्ववत झाली. पण रोलबॅकने बरं वाटलं म्हणजे बग तिथेच होता हे सिद्ध होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. कदाचित दुसरं काही असेल आणि ते त्याच वेळी आपोआप थांबलं असेल. डॉक्टर लोक यासाठी गुण देतात. किती दिवसांनी त्रास सुरू झाला, बंद केल्यावर किती दिवसांत उतरला, दुसरी कारणं तपासून बाद केली का? लिव्हरसाठी या पद्धतीला रुकॅम म्हणतात. खात्री करायचा सरळ मार्ग म्हणजे काढा पुन्हा सुरू करून बघायचं. पण आईच्या लिव्हरवर बग रिप्रोड्यूस करायचा नसतो.

मग नेहमीच्या सवयीने शोधत बसलो, आणि आई एकटी नव्हती हे कळलं. मुंबईच्या यकृततज्ज्ञांच्या एका गटाने २०२० च्या शेवटच्या महिन्यांत असे सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या लिव्हरला ऑटोइम्यून प्रकारची सूज आली होती. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटली होती.

आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलंच नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नव्हता. कुठल्या व्हर्जनवर बग आला हे आपणही आधी विचारतो. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा मिळून अभ्यास आला. त्यात ४३ रुग्ण होते, आणि जे नमुने मिळाले ते तपासल्यावर ती खरी गुळवेलच निघाली. तरीही गुळवेल सुरक्षित आहे, ही भूमिका मंत्रालयाने सोडली नाही.

यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. १९९३ साली त्यांचा जो निबंध आला, तो चक्क काविळीच्या रुग्णांवर होता! पित्ताची वाट तुंबल्याने कावीळ झालेल्यांना ऑपरेशनच्या आधी गुळवेल दिली, तर जंतूंशी लढायची त्यांची ताकद वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्या वेलीने काविळीच्या माणसाला मदत केली, तीच वेल तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या काविळीमागे सापडली.

विचार केला तर यात विरोधाभास नाही. प्रतिकारशक्तीला ढोसणारी वस्तू ज्याची प्रतिकारशक्ती आधीच तिरपी चालते त्यालाही ढोसणारच. आईचं थायरॉइडचं दुखणं त्याच जातीचं, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला इफेक्ट आहे त्याला साइड इफेक्ट असण्याची शक्यता आहेच, मग ते कारखान्यातून आलेलं असो की कडुनिंबावरून. आणि खरा वैद्य नाडी बघून, प्रकृती बघून, मोजक्या दिवसांसाठी औषध देतो. व्हॉट्सअॅप वाचून तीन महिने रोज वाटीभर पिणं हे आयुर्वेदातही बसत नाही.

आता दुसरी बाजू. लाखो लोकांनी काढा प्यायला आणि बहुतेकांना काहीच झालं नाही. "आम्ही पितोय की, आम्हाला कुठे काय झालं?" हे औंधमध्ये मी दहा जणांकडून ऐकलंय. खरं आहे त्यांचं. पण हे म्हणजे "माझ्या मशीनवर चालतंय" झालं. हजारात नाही, लाखात एखाद्याला होणारा त्रास कुठल्याच एका गावाला, कुठल्याच एका डॉक्टरला दिसत नाही. तो दिसतो फक्त सगळीकडचे रिपोर्ट एका जागी आले तर.

थॅलिडोमाइडच्या वेळी हेच झालं. १९६१ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी वेगवेगळा आवाज उठवला तेव्हा कुठे ते औषध मागे घेतलं गेलं. त्याच धड्यातून १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद एकत्र करायला सुरुवात केली. भारताचा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासूनचा. आयुर्वेद, युनानी वगैरेंसाठी २०१८ पासून वेगळी व्यवस्था आहे.

आणि गंमत म्हणजे हा रिपोर्ट रुग्ण स्वतः करू शकतो. १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही, नुसता संशय पुरतो. आईच्या वतीने मी रिपोर्ट केला. काय घेतलं, किती दिवस, कधी थांबवलं, आकडे किती. तिला ते आवडलं नाही. "गुळवेलीची बदनामी कशाला करतोस?" म्हणाली. तिला म्हटलं, आमच्या ऑफिसात बग टाकला म्हणजे सॉफ्टवेअरची बदनामी होत नाही, उलट ते कुणीतरी सुधारतं. पटलं नाही. पण तारखा तिनेच कॅलेंडर बघून बरोबर सांगितल्या.

तुमचे आई-बाबा गावी असतील तर फोनवर "औषधं कुठली घेता?" असं विचारू नका. उत्तर अर्धंच मिळेल. "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं?" असं विचारा आणि लिहून घ्या. काढा, चूर्ण, सत्त्व, रस, शेजारच्या मावशींनी दिलेली पुडी, सगळं. आणि ती यादी पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवा.