खेळापूर्वींचा खेळ

बैठें काम करणारास गोल्फ हा मोठा सोयीचा खेळ वाटतो. येथें चेंडू अंगावर धावून येत नाहीं. तो गवतावर निमूटपणें आपली वाट पाहत बसतो. त्यामुळें गृहस्थहि खुर्चींतून उठून थेट काठी उगारतो. परंतु चेंडू स्वस्थ आहे म्हणून शरीर सिद्ध आहे, असें थोडेंच! उगारलेली काठी चेंडूपर्यंत यावयास सुमारें पाव सेकंद लागतो. तेवढ्यांत कंबर, पाठ, खांदे यांना एकदम वळावें लागतें. या खेळांत कंबरेचें दुखणें वरचेवर आढळतें, यांत नवल नाहीं.

म्हणूनच मला मिगेल आन्हेल हिमेनेझ या स्पॅनिश खेळाडूचें कौतुक वाटतें. सामन्यापूर्वीं तो गुडघे जुळवून गरगर फिरवितो, कंबर घुसळतो. तोंडांत बहुधा चिरूट. लोक हंसतात. पण २०१४ सालीं स्पेनची खुली स्पर्धा जिंकून, युरोपीय मालिकेंत पन्नाशीनंतर विजय मिळविणारा तोच पहिला ठरला.

आपल्याकडे गवई तंबोरा जुळल्यावांचून गात नाहीं. मग पहिल्या फटक्यापूर्वीं दहा मिनिटें चालावें, खांदे-कंबर मोकळी करावी, आधीं लहान काठीनें हलके फटके मारावे, याची आम्हां प्रौढांस लाज कां? मला वाटतें, ती लाज वयाची आहे. अंग आतां आपोआप मोकळें होत नाहीं, हें चारचौघांत उघड होतें ना!

होऊं द्यावें. ज्या शरीरानें इतकीं वर्षें मुकाट्यानें चाकरी केली, त्याला उतारवयांत तरी आधीं विचारून काम सांगावें.