घुमट मावेपर्यंत मागे

बडोद्यात ज्याच्या हातात कॅमेरा आला, त्याच्याकडे आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाचा एक तरी फोटो असतोच. माझ्याकडे चारशेच्या वर आहेत. पावसातला, उत्तरायणाच्या पतंगांमधला, परीक्षेच्या दिवसांत ओस पडलेल्या आवारातला. ही फुशारकी नव्हे, कारण त्यातले तीनशे नव्वद अगदी सारखे आहेत. मी शिकायला कलाभवनात, म्हणजे टेक्नॉलॉजी फॅकल्टीत. लेक्चर संपलं की स्कूटी काढायची, आर्ट्सच्या पायरीपाशी उभं राहायचं, कॅमेरा वर करायचा आणि बटण दाबायचं. घरी येऊन पाहावं तर इमारत मागे कलंडलेली आणि घुमट बुटका.

तसं फोटोग्राफीशी आपल्या गावाचं नातं जुनं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते तिथेच. पुढे फाइन आर्ट्समधल्या ज्योती भट्टांनी गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली लोककला वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात टिपून ठेवली. त्यांच्या गावात राहून मी चारशे वेळा एकच फोटो काढत होते!

बाबांनी त्याच विद्यापीठात एकतीस वर्षं कारकुनी केली. घुमट त्यांना रोज जाता-येता दिसायचा, पण फोटोचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. "तो काय पळून जाणार आहे?" असं म्हणून ते डबा घेऊन निघायचे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या हाताने शेजारच्यांचा पाण्याचा पेला दोनदा सांडला. त्याच आठवड्यात मांडवीत एक रिक्षा त्यांना अगदी चाटून गेली. आम्ही आधी चष्म्याला दोष दिला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा आजार बहुतेक वेळा कडेकडेने नजर खात येतो, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली टिकावी म्हणून. (चाळिशीच्या पुढच्या मंडळींनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. आमच्या घरी कोणी घेतला नव्हता.)

घरी आल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला एकदा विजापूरचा गोलघुमट बघायचाय."

त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बडोदा कॉलेजची ही इमारत चिझम या इंग्रज वास्तुविशारदाची. लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँटच्या मृत्यूनंतर ज्याने पुरा केला, तोच हा. कॉलेजच्या घुमटासाठी त्याच्या डोळ्यांपुढे विजापूर होतं. 'विजापूरच्या खालोखाल आमचाच घुमट' हे बडोदेकर छातीठोकपणे सांगतो. बाबाही सांगायचे, पण मूळ त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मोठी आत्या बेळगावला असते. डिसेंबरात तिच्याकडे गेलो आणि तिथून गाडीने विजापूर गाठलं. पहाटे निघा, असं तिने बजावलं होतं आणि ते बरं झालं. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात नुसत्या आरोळ्या घुमतात.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यातली. बाहेरून मोजला तर घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाला हळूहळू गोलाकडे नेतात आणि त्यांच्यावर तो सगळा भार बसलेला. चारी कोपऱ्यांवर सात मजली मनोरे आहेत आणि वर जायचे जिने त्यांच्यातच. अरुंद, अंधारे आणि उंच पायऱ्यांचे.

मी म्हटलं, "बाबा, आपण खालूनच बघू या."

"खालून बघायला इतक्या लांब आलो का?"

कडेची नजर गेलेल्या माणसाला पायाखालची पायरी दिसत नाही. ती बघायची तर मान खाली घालावी लागते आणि मान खाली घातली की पुढचं दिसत नाही. त्यांनी एक हात भिंतीवर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर आणि प्रत्येक पायरी पायाने चाचपून मग वजन टाकलं. मागून येणारं एक कुटुंब मुकाट्याने थांबून राहिलं. मला मात्र घाम फुटला होता. गळ्यातला कॅमेरा भिंतीवर आपटत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची अडचण वाटली.

वर सज्जात त्यांना भिंतीशी बसवून मी वळसा घालून समोरच्या बाजूला गेले. मध्ये ती प्रचंड पोकळी. पलीकडे त्यांचा सदरा पांढऱ्या ठिपक्याएवढा. मी तिथे आहे हे त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. एवढ्यात माझ्या कानाशी बोलावं तसा आवाज आला, "पाणी आणलंयस का?"

मी फोटो घेतला. अंधारामुळे हलला. तो मी पुसलेला नाही.

बडोद्याला परतल्यावर पुढच्याच रविवारी सकाळी सहा वाजता बाबा बूट घालून तयार. "चल, आता आपला दाखव."

मी नेहमीप्रमाणे त्यांना पायरीपाशी नेलं. त्यांनी वर पाहिलं, मान इकडून तिकडे फिरवली. "विटा दिसतायत. चांगल्या आहेत. घुमट कुठाय?"

मग आम्ही मागे चालायला लागलो. दहा पावलं गेलो की ते थांबायचे, बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही मावत." फाटकापर्यंत आलो. फाटकाबाहेर आलो. रस्ता ओलांडला. तिथे चहाची टपरी नुकती उघडत होती, तिच्याही पलीकडे गेलो. तिथे ते उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मावला."

मी त्यांच्या खांद्यामागून, त्यांच्याच उंचीवर कॅमेरा धरला. लांबचं लेन्स लावलं होतं. कॅमेरा वर करावाच लागला नाही, कारण एवढ्या अंतरावरून घुमट सरळ समोर होता. उभ्या रेषा उभ्याच राहिल्या. कॅमेरा वर तिरपा केला की इमारत कलंडते आणि त्यावर साधा उपाय म्हणजे मागे जाणं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण इतकं मागे जायला मी कधी तयार नव्हते. टपरी, विजेच्या तारा, उभ्या रिक्षा मध्ये येतात म्हणून.

आता त्या सगळ्या फोटोत आहेत. बाबांच्या डोक्याचा मागचा भागही डाव्या कोपऱ्यात आलाय.

चहा घेताना त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली. कीर्तीमंदिर, न्यायमंदिर, सूरसागर, कमाटीबागेच्या दाराशी काळा घोडा. दर रविवारी एक. न्यायमंदिराला मागे सरकायला जागा कुठून मिळणार, हा प्रश्न मी विचारला. बाजाराची इतकी गर्दी आहे तिथे.

"बघू," ते म्हणाले, "कोणाच्या तरी गच्चीवर जाऊ. जिना मला येतो आता."