मी ओढलेली रेघ

आमच्या शाळेत भूगोलाच्या कपाटामागे एक मोठा कापडी नकाशा गुंडाळून ठेवलेला असे. वरखाली लाकडी दांड्या, मागे पिवळट पडलेले कापड, आणि उलगडताना येणारा तो धुळीचा नि रोगणाचा संमिश्र वास. तीस वर्षे मी तो नकाशा भिंतीवर टांगला आणि छडीच्या टोकाने मुलांना नद्या, घाट व बंदरे दाखविली. माझा खरा विषय मराठी; पण लहान शाळेत मुख्याध्यापकाला कोणताही तास घ्यावा लागतो, आणि खरे सांगावयाचे तर भूगोलाचा तास मी आनंदाने घेत असे. दरवर्षी एखादा तरी मुलगा हळूच विचारी, "गुरुजी, यात आमची वाडी कोठे आहे?" मी छडी सह्याद्रीच्या तपकिरी पट्ट्यावर टेकवून म्हणे, "येथेच कोठेतरी." मुलगा पुढे येई, अगदी नाक लावून पाही आणि निमूटपणे जागेवर जाऊन बसे. त्या छडीच्या टोकाखाली तशा कितीतरी वाड्या झाकल्या जात. माझी स्वतःची वाडीही त्यांतच होती.

माझी धाकटी कन्या याच शाळेत शिकली. आज ती पुण्यास संगणकावरील नकाशे तयार करण्याचे काम करते. "नकाशे तर केव्हाच तयार झाले आहेत, आता तू आणखी काय तयार करतेस?" असे मी तिला एका दिवाळीत विचारले. ती हसली आणि संगणक माझ्यापुढे ठेवून बसली.

अगदी लांबून पाहिले, तर सारी पृथ्वी एका लहानशा चौकोनात मावते. एक पायरी जवळ गेले की त्या एका चौकोनाचे चार होतात. आणखी एक पायरी, की सोळा. मी कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार करीत बसलो. अठराव्या पायरीला ६,८७१ कोटींहून अधिक चौकोन झाले! मी चष्मा काढून विचारले, "अगं, एवढे चौकोन तू ठेवतेस तरी कोठे?"

"सगळे कोण काढून ठेवतो, बाबा? बहुतेकांत नुसता समुद्र असतो. जो जेथे पाहील, त्याला तेथले तेवढेच चौकोन पाठवावयाचे."

पुढे तिने मला नकाशाचे थर दाखविले. पारदर्शक कागदांची एक चळत मनात आणा. एका कागदावर फक्त रस्ते, दुसऱ्यावर ओढे-नद्या, तिसऱ्यावर शाळा, चौथ्यावर विहिरी. हवे ते कागद एकमेकांवर ठेवून प्रश्न विचारावयाचा : पायी तासाभराच्या आत शाळा नाही, अशा वस्त्या कोणत्या? संगणक त्या वस्त्या तांबड्या रंगात दाखवितो. माझ्या सेवेच्या काळात हे उत्तर काढण्यासाठी मी सायकलवरून दोन उन्हाळे हिंडलो होतो. मला थोडासा हेवा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

तिच्या कामातही फजिती होतेच. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आणि चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. एकदा कोणीतरी यादीत या दोन आकड्यांची अदलाबदल केली, आणि एका जिल्ह्यातील यच्चयावत शाळा नॉर्वेच्या उत्तरेस थंडगार समुद्रात जाऊन पडल्या! हाच घोटाळा सातवीची मुले करीत, तेव्हा मी अर्धा गुण कापीत असे. मोठ्यांचे गुण कोण कापणार?

त्याच दिवाळीत तिने मला एका मोकळ्या नकाशाविषयी सांगितले. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा सुरू केला. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला जी जागा ठाऊक आहे, त्याने ती त्यात भरावी. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला. मदतीस जाणाऱ्या लोकांपाशी राजधानीचा पुरेसा नकाशाच नव्हता. तेव्हा निरनिराळ्या देशांतील शेकडो माणसांनी घरी बसून, उपग्रहांनी टिपलेली चित्रे पाहत पाहत, काही दिवसांत त्या शहराचे रस्ते रेखाटले. ज्यांनी ते शहर कधी पाहिले नव्हते, त्यांच्या रेघांवरून मदतीच्या गाड्या चालल्या.

हे ऐकले आणि माझ्या मनात आले, की आपली वाडी आता छडीखाली झाकून राहावयाची नाही.

निवृत्त झाल्यापासून मी तालुक्याच्या गावी राहतो. कन्येकडून रेघा ओढावयास शिकलो आणि रोज सकाळी पूजा आटोपली की वाडी भरू लागलो. म्हसोबाचा माळ भरला, देऊळ भरले, आमच्या जुन्या घराजवळची बारव भरली. डांबरी सडकेवरून वाडीकडे जाणारा वळशाचा रस्ता नकाशात आधीच होता. तो वरच्या पुलावरून तीन किलोमीटर फिरून जातो. परंतु जवळची वाट कोणी दाखविली नव्हती. सडक सोडली की पाणंदीने सरळ ओढ्यावर यावयाचे, ओढ्यातली फरशी ओलांडावयाची, की आलीच वाडी. लहानपणी याच वाटेने मी बैलगाडीतून शेकडो वेळा गेलो होतो. उपग्रहाच्या चित्रात तेथे झाडांची दाट सावली होती, खालचे काही दिसत नव्हते. पण मला दिसण्याची गरज काय होती? डोळे मिटूनही मी ती वाट काढली असती. मी पाणंदीवरून, ओढ्यावरून, थेट वाडीपर्यंत रेघ ओढली आणि 'रस्ता' असे भरून टाकले. त्या दिवशी मी दोनदा चहा मागितला, इतका मी खूश होतो.

गेल्या वर्षी श्रावणात एका पहाटे वाडीतून चुलतभावाचा फोन आला. तो सहज बोलत होता. त्याला माझ्याविषयी काही म्हणावयाचे नव्हते. रात्री वाडीतील एका सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका बोलावली. चालक नवा होता, परजिल्ह्यातला. त्याने मोबाइलमध्ये पाहिले, त्यात जवळची वाट दिसली, आणि त्याने गाडी पाणंदीत घातली. ओढ्याशी येऊन पाहतो, तो फरशी नाही. ती दोन वर्षांपूर्वीच पुराने वाहून गेली होती. समोर गढूळ पाणी, दोन्ही बाजूंना बांध, गाडी वळवावयास जागा नाही. बॅटरीच्या उजेडात ती अर्धा किलोमीटर उलटी न्यावी लागली. त्यात जवळजवळ तास गेला. इकडे वाडीतील तरुणांनी घोंगडीची डोली केली आणि भर पावसात त्या बाईला खांद्यावरून वरच्या पुलापर्यंत नेले. तेथे एकदाची गाडी भेटली.

"बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, दादा. मुलगी झाली," भाऊ म्हणाला. "पण त्या फोनमध्ये तसली वाट घातली कोणी, कोण जाणे!"

मी काहीच बोललो नाही. फोन ठेवून कितीतरी वेळ तसाच बसलो. उत्तर ताडून पाहिल्याशिवाय वही मिटू नका, असे आयुष्यभर मुलांना बजावणारा मी. आणि चार वर्षे ज्या वाटेवर पाऊल ठेवले नव्हते, तिच्यावर मी डोळे मिटून रेघ ओढली होती. मी जर काहीच केले नसते, तर तो चालक मुकाट्याने वळशाच्या रस्त्याने गेला असता.

कन्येला फोन केला. ती रागावली नाही, तिने एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही त्या फरशीवरून शेवटचे केव्हा गेला होता?" मी वर्ष सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आधी ती रेघ ओढ्यापाशी तोडू या." ती बोलत गेली, मी तोडीत गेलो. पण सगळ्यांच्या फोनमध्ये नवा नकाशा लगेच पोहोचत नाही, हेही तिने सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अशा वेळी मला लॅम्टन आठवतो. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ जमीन मोजावयास आरंभ केला. त्याच मोजणीवर आपल्या देशाचे पुढचे नकाशे उभे राहिले. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्टनने दुसऱ्या कोणावर सोपविले नाही. कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले आणि मोजणी पुढे चालविली. १८२३ साली काम करता करता तो आपल्या हिंगणघाटास वारला. तेथेच त्याचे थडगे आहे.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने निघालो. वरच्या पुलावर उतरून पायी वाडीत गेलो. घरात नात मांडीवर घेऊन तिची आजी बसली होती. पुष्कळ वर्षांपूर्वी तीही माझ्या वर्गात होती. मी ओसरीवर बसलो आणि काही न लपविता तिला सांगितले.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हंजे ती रेघ तुम्ही वढली व्हय, गुरुजी?"

"होय."

ती काही वेळ बोलली नाही. बाळाच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. मग म्हणाली, "आता आलाच हाय, तर समदं बघूनच जावा. पोराला धाडते संगं."

तिचा मुलगा, म्हणजे त्या बाळाचा बाप, माझ्याबरोबर आला. हाती मोबाइल धरून आम्ही पावलापावलाने निघालो. त्या यंत्राला आपली जागा समजण्यासाठी वीस हजार किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. दाट झाडीत ते नीट मिळत नाहीत आणि ठिपका भलतीकडे उड्या मारतो. तेथे आम्ही थांबत होतो. फरशीचे दोन्हीकडचे उरलेले दगड पाहिले. पाणंद कोठे अरुंद होते, गाडी शेवटची कोठे वळेल, हे त्याने दाखविले, मी टिपून घेतले. वळशाच्या रस्त्यावरही एका ठिकाणी दरड आली होती. ती मला ठाऊकच नव्हती.

सायंकाळी कन्येने घरी बसून सारे तपासले. तिचा फोन आला, "बाबा, बाकी सगळे जुळले. ओढ्याचे नाव मात्र राहिले आहे."

"जांभळीचा ओढा," मी म्हणालो.

शेजारी उभा असलेला तो तरुण हळूच म्हणाला, "गुरुजी, त्यो अलीकडं. पल्याडची माणसं त्याला वाघओढा म्हंत्यात."

साठ वर्षांत मी हे नाव ऐकले नव्हते. मी कन्येला म्हटले, "थांब. उद्या पलीकडे जाऊन विचारतो, मग लिही."

"ओढ्याला पाणी हाय, गुरुजी," तो तरुण म्हणाला. "पुलावरनं जाऊ. सकाळी लवकर निघावं लागंल."