पानगळीची माती

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या घराला अंगण नव्हतं. बडा गणपतीकडून आत वळलं की गल्ली अरुंद होत जाते. खाली दुकान, वर घर. आईची बाग होती ती गच्चीवर. तुळस, मोगरा, कढीलिंब आणि पत्र्याच्या डब्यात लावलेलं लिंबू. भाजीचे देठ, चहाचा चोथा, देवाची सुकलेली फुलं ती एका जुन्या माठात टाकायची आणि वर मूठभर माती पसरायची. "कचरा म्हणू नकोस रे, त्याची माती व्हायची आहे अजून," असं म्हणायची.

हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. लहानपणी ते तिला शहराच्या पूर्वेकडच्या शेतकी संस्थेत फिरायला न्यायचे. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर 1924 साली ही संस्था उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथल्याच खड्ड्यांत तयार झालं. कपाशीच्या पऱ्हाट्या कुजायला कठीण, म्हणून त्या बैलगाड्यांच्या वाटेवर अंथरून चाकांखाली चिरडून घेत. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुरलेली माती आणि राख यांचे थर, वरून पाणी, अधूनमधून खालीवर करणं. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाती येई. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ते खड्डे येऊन पाहिले होते.

आई गेल्यावर मी तिथे जाऊ लागलो. फाल्गुनात त्या परिसराची कळा वेगळीच असते. गहू पिवळा पडलेला, आंब्याला मोहर, शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत असतात. कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा थर आणि वर त्याच फांद्यांना तांबूस कोवळी पालवी. राजवाड्यावरची गर्दी ओलांडून आलेल्या माणसाचा श्वास इथे आपोआप सावकाश होतो. घरी माझ्याशी सगळे जपून बोलत, आईचा विषय निघू नये म्हणून धडपडत. इथे कुणालाच काही लपवायचं नव्हतं. गळणं आणि फुटणं एकाच झाडावर, एकाच वेळी चाललं होतं.

हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्या बरोबरीने राबलेल्या. 1930 साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्डनी इंदूर सोडलं, आणि त्याच वर्षी इथल्या कामाचं पुस्तक आलं. सहलेखक होते यशवंत वाड. 1940 साली आलेला आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ हॉवर्डनी गॅब्रिएलना अर्पण केला. कुजण्यातून सुपीकता कशी येते हे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने दहा वर्षांनंतरही आपलं माणूस विसरलेलं नव्हतं. ते वाचल्यावर मला फार धीर आला.

लोक सांगतात, काळ हे औषध आहे. नुसत्या काळाने काही होत नाही, हे त्या खड्ड्यांनी मला शिकवलं. कोरडा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो. त्याला ओल लागते, हवा लागते, खालीवर करणारा हात लागतो. आईच्या आठवणींचंही तसंच. त्या बंद ठेवल्या तर घुसमटतात. आता मी तिच्याबद्दल मुलांशी बोलतो, तिच्या पद्धतीची आमटी करतो, तिच्या माठात देठ टाकतो. दुःख संपलेलं नाही, पण त्यात आता काही रुजतं.

पानगळ सुरू झाली की गल्लोगल्ली पाल्याचे ढीग पेटतात. ज्या गावाच्या नावाने जग खत करायला शिकलं, त्या गावात तरी पाला जाळू नका. तो मातीला द्या. आणि गेलेल्या माणसाचं नाव घरात मोठ्याने घ्या.